नवेगावच्या पाण्याला कोणती नाव?

दिवाळीच्या सुट्टीत गोंदिया जिल्ह्यातले तलाव वर्षातल्या सगळ्यात देखण्या रूपात असतात. पाऊस सरलेला, पाळीला टेकलेलं पाणी निवळलेलं, खालच्या बांध्यांमध्ये हलक्या धानाची कापणी सुरू झालेली आणि उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरू लागलेले. याच दिवसांत गोंदिया, नागपूर, रायपूरकडच्या गाड्या कोहमाऱ्याहून नवेगाव बांधकडे वळतात. गाडीत आजी असते, दिवाळसणाला आलेला जावई असतो, कडेवरचं लेकरू असतं, डब्यात चकल्या आणि चिवडा असतो. तलावाच्या काठावर पोचलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला : बोटीत कधी बसायचं?

बोटीत बसावंच, पण कोणत्या? पायांनी चालवायच्या पेडल बोटी, फायबरच्या मोटरबोटी, पाणी उडवत जाणाऱ्या स्पीडबोटी आणि आता दोन लांब नळ्यांवर सपाट पाट टाकून, भोवती कठडा आणि वर छत उभारलेल्या पाँटून बोटी, असे सगळे प्रकार आपल्याकडच्या जलाशयांवर दिसतात. घरच्या माणसांना घेऊन पाण्यावर जाणाऱ्याला यातलं काय बरं आणि काय टाळावं हे कळायला हवं. एखादी ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था किंवा रिसॉर्टवाला बोट विकत घ्यायला निघाला असेल, तर त्याला तर ते कळायलाच हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. गोंदियाच्या तलावांना आणि तिथे येणाऱ्या कुटुंबांना संथ चालीची, रुंद, दोन नळ्यांची पाँटून सगळ्यात योग्य. मात्र तिच्यावर विसंबायचं ते काही अटींवर. त्या अटी पाळल्या नाहीत, तर तिच्याइतकी फसवी नाव दुसरी नाही.

आधी पाणी पाहू. नवेगावचा तलाव हा निसर्गाने दिलेला तलाव नाही. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा हा पसारा अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधली वाट मातीच्या बांधाने अडवून उभा केला. भोवतालच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. कोहळी समाजाला गोंड राजांनी तलाव बांधण्यासाठी आणि ऊस पिकवण्यासाठी इथे वसवलं असं सांगतात. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारीची पद्धत, संपली आणि हे तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदोपत्री ते माजी मालगुजारी तलाव, आणि बोलण्यात मामा तलाव. बोडी लहान, तलाव मोठा; पण घडण दोघांची तीच. एका अंगाला पाळ, पाळीच्या पोटात पाणी सोडायचं तुडूम, टोकाला सांडवा, आणि वरच्या अंगाला हळूहळू उथळ होत शेतात मिसळणारा काठ.

बोट निवडताना ही घडणच पहिली लक्षात घ्यावी लागते. पाळीजवळ पाणी खोल आणि वरच्या अंगाला कंबरभर, गुडघाभर. त्या उथळ पट्ट्यातच कमळं, शिंगाडा, देवधान आणि पाण्याखालचं गवत असतं. पक्षी तिथेच असतात आणि पाहुण्यांना पाहायचंही तेच असतं. शिवाय पाणी एका जागी थांबत नाही. ऑक्टोबरात भारी धानाला पाणी सुटतं, पुढे उन्हाळी धानाला. दिवाळीत जिथे बोट लागते तिथे एप्रिलात चिखलाला भेगा पडलेल्या असतात. म्हणून सिमेंटचा पक्का धक्का या तलावांवर फार तर तीनचार महिने कामाचा. नंतर शेवटच्या पायरीवरून खाली उडी मारावी लागते आणि साडी सावरणाऱ्या बाईला, काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्याला ती मारता येत नाही. पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का, प्लास्टिकच्या पोकळ ठोकळ्यांचा असो की ड्रमांवर फळ्या टाकलेला, हा बोटीइतकाच महत्त्वाचा आहे. बोटीच्या अंदाजपत्रकात तो बहुधा नसतोच.

जिल्ह्यात सगळं पाणी एका जातीचं नाही. गोठणगावजवळ गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण हे मोठं, मोकळं, वारा खाणारं पाणी. तिरोड्याकडचे बोदलकसा आणि चोरखमारा हे जंगलाच्या कुशीतले, वाऱ्यापासून बरेचसे आडोशाला. परसवाडा, झिलमिली हे सारसांचे तलाव. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदियात आणि शेजारच्या भागात थोडेफार. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्वतःहून त्यांच्या रक्षणाचा विषय हाती घेतला. अशा तलावांवर कसलीच मोटर नको, पाँटूनही नको. तिथे काठावरून दुर्बिणीने पाहावं. बोटीचा विचार करायचा तो नवेगाव, इटियाडोह आणि बोदलकसा अशा पाण्यांसाठी, आणि तोही पाटबंधारे व वन खात्याच्या परवानगीच्या चौकटीत. नवेगावला १९७५ पासून राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आहे आणि २०१३ च्या डिसेंबरपासून नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प आहे.

या पाण्याची पहिली नाव डोंगा. झाडाचं खोड कोरून केलेला, अरुंद, लांब. इथला मच्छीमार, ढिवर माणूस, त्यात पाय टाकतो तो बरोबर मधोमध, आणि खाली बसतो तो एका लयीत. बसल्यावर त्याचा कमरेखालचा भाग नावेबरोबर डुलतो आणि वरचा भाग स्थिर राहतो. जाळं ओढताना तो अंग कुठे आणि किती टाकतो हे पाहत राहावं. हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. पाहुण्याच्या अंगात ते नसतं. डोंग्यात पाहुणा बसवणं म्हणजे ढिवराचं कौशल्य उधार घेणं, आणि ते एका वेळी एका माणसापुरतं उधार मिळतं, सहा जणांपुरतं नाही.

तोल वाढवायची युक्ती मात्र आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दोन नावा किंवा दोन ओंडके काही अंतरावर ठेवून आडव्या दांड्यांनी बांधायचे, म्हणजे झाली सांगड. एक नाव एकटी असली की कलते. दोघी मिळून कलायला तयार होत नाहीत. कोकणात खाडी ओलांडताना गाडी चढवायची, तर दोन होड्यांवर पाट टाकून हेच करत. आजची पाँटून म्हणजे त्याच युक्तीचं धातूतलं रूप. अमेरिकेत हिचं श्रेय दिलं जातं ते मिनेसोटा राज्यातल्या अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी पाट टाकला. मिनेसोटा हाही हजारो तळ्यांचा, शेतीचा मुलूख. घरची माणसं, खाण्याचं सामान आणि पोरं घेऊन गावच्या तळ्यावर दुपार घालवायला त्याला डळमळणारी होडी नको होती. त्याची गरज आणि आपली गरज एकच आहे, म्हणून ही बोट इथे परकी वाटत नाही.

तिचा गुण सगळ्यात स्पष्ट दिसतो तो चढताना. फायबरच्या अरुंद बोटीत आजी पहिला पाय टाकते, बोट तिच्या बाजूला दबते आणि धक्क्यापासून दूर सरकते. आजीचा एक पाय काठावर आणि एक पाय पाण्यावर. तिचा हात धरणारा जावई स्वतःच तोल सावरत असतो, त्यामुळे त्याचा आधार म्हणजे आणखी एक झोका. अपघात व्हायला पाणी खोल असावं लागत नाही; गुडघा इथेच मुरगळतो. पाँटूनचा पाट धक्क्याच्या जवळपास पातळीला असतो, फाटकाची रुंदी खुर्ची आत जाईल एवढी असते आणि एका माणसाच्या वजनाने ती हललेली कळतही नाही. आत बाकांवर समोरासमोर बसता येतं, लेकराला मध्ये खेळवता येतं, डबा उघडता येतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला, चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला तलावाच्या मधोमध नेऊन आणणारी दुसरी बोट मला माहीत नाही. माझा कौल पाँटूनला आहे तो मुख्यतः एवढ्यासाठी.

दुसरा गुण उथळपणाचा. नळी अर्धी बुडाली तरी एका फुटाच्या आसपास पाणी तिला पुरतं. पंख्यासाठी आणखी थोडं.

आता तिचा अवगुण. तो समजून घ्यायला थोडा हिशेब करावा लागेल, पण तो पाचवीतल्या मुलालाही जमेल असा आहे. समजा बोटीच्या दोन नळ्या आहेत, प्रत्येक ६० सेंटीमीटर व्यासाची आणि ६ मीटर लांब. एका नळीत मावेल सुमारे १७०० लिटर. म्हणजे पूर्ण बुडेपर्यंत एक नळी १७०० किलो भार पेलते आणि दोन मिळून ३४०० किलो. विकणारा हा आकडा मोठ्या अक्षरांत सांगेल. पण नळ्या पूर्ण बुडवून कोणी बोट चालवत नाही. निम्म्या बुडाव्यात, निम्म्या वर राहाव्यात, हा शहाणा हिशेब. म्हणजे उरले १७०० किलो. त्यात पाट, कठडा, बाकं, छत, इंजिन, बॅटरी मिळून बोटीचं स्वतःचं वजन ९०० किलो धरू. राहिले ८००. माणशी ७५ किलो धरले तर चालकासकट दहा माणसं.

ही दहा माणसं शहाण्यासारखी बसून राहतील असं नाही. डावीकडे कोणाला मगर दिसली, खरी असो वा ओंडका, की दहाही जण मोबाईल काढून डावीकडच्या कठड्याशी. नळ्यांच्या मध्यांमधलं अंतर १.८ मीटर आणि माणसं मधल्या रेषेपासून एक मीटर सरकली, तर डाव्या नळीवर जवळजवळ ४२० किलो जादा भार येतो. कावडीचा हिशेब तो. डावी नळी आधी ८२५ किलो पेलत होती, आता साडेबाराशेच्या आसपास. ती आणखी बुडेल, बोट कलेल, पण १७०० ची मर्यादा दूर आहे. बोट सुरक्षित.

त्याच बोटीत पंधरा माणसं बसवा. पाच जादा, तीही ‘एकाच घरातली आहोत हो’ म्हणून. सगळी एका बाजूला गेली की त्या नळीवर भार होतो सुमारे १६४० किलो. मर्यादेला ६० किलो कमी. तेवढ्यात एक वाऱ्याचा झोत छतावर आदळला किंवा शेजारून गेलेल्या मोटरबोटीची लाट आली, तर ते ६० किलो कुठे जातात ते कळत नाही. वीस माणसं असतील तर लाटेचीही गरज नाही : दोन हजार किलोंच्या वर भार, नळी पाण्याखाली, आणि बोट उलटी.

मघाशी फसवी म्हटलं ते यामुळे. डोंगा आधी सांगतो. तो पहिल्या पायालाच हलतो, बसणारा घाबरतो, दुसरा माणूस चढतच नाही. पाँटून पंधराव्या माणसालाही दहाव्यासारखीच घट्ट वाटते. तिचा तोल शेवटपर्यंत शाबूत असतो आणि मग एकदम जातो. बसणाऱ्याच्या पायांना त्याची सूचना मिळत नाही. ती सूचना काठावरच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्यातूनच मिळायची, आणि तो आकडा पाळणारा माणूस फाटकावर असला तरच.

हे नुसतं कागदावरचं नाही. ६ मार्च २००४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या बंदरात ‘लेडी डी’ नावाची पाँटून बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत पंचवीस माणसं होती, पाच दगावली. चौकशीत निघालं की बोटीला परवाना देताना माणशी १४० पौंड, म्हणजे ६४ किलोंच्या आत वजन धरलं होतं. त्या दिवशी बोटीतल्या माणसांचं सरासरी वजन निघालं १६८ पौंड, म्हणजे ७६ किलो. शिवाय तोलाची चाचणी त्या बोटीवर झालीच नव्हती, तिच्यासारख्या दुसऱ्या बोटीवरून आकडा उचलला होता. म्हणजे परवान्याने जो आकडा सांगितला तो पाळूनही बोट उलटली. पुढे तिथल्या तटरक्षक दलाने हिशेबातलं माणशी वजन १८५ पौंडांवर नेलं. आपल्याकडे बोट घेताना विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच : तुमच्या ‘क्षमता बारा’ मध्ये माणूस किती किलोचा धरलाय?

आपल्याकडची उदाहरणं आठवायला जड जातात, पण त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ९ जुलै २०१७ ला नागपूरजवळ वेणा जलाशयात मासेमारीच्या नावेतून फिरायला गेलेल्या तरुणांची नाव उलटली, आठ जण बुडाले. नावेतून मोबाईलवर थेट चित्रण चाललं होतं. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले. दशक्रियेसाठी जमलेली, एकमेकांच्या नात्यातली माणसं होती ती. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. तिन्ही बोटी वेगवेगळ्या, पाणी वेगवेगळं. पण नावेच्या बेताबाहेर माणसं, आणि अंगात जॅकेट नसणं, ही दोन कारणं आपल्याकडच्या अशा बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. बोट कोणत्या प्रकारची यापेक्षा ती किती माणसं घेऊन निघाली हे जास्त महत्त्वाचं, असं मी म्हणतो ते या बातम्या वाचून.

मग बाकीच्या बोटींचं काय? पेडल बोट जोडप्याला, दोन मोठ्या मुलांना, काठाजवळ, वारा नसताना ठीक. वारा सुटला की ती भरकटते, पाय थकतात आणि परत यायला दोन माणसांचं बळ पुरत नाही. स्पीडबोट या तलावांना अजिबात नको. तिच्या लाटा मातीच्या पाळीवर आपटतात. ज्या पाळी तीनशे वर्षं टिकल्या त्या पावसाच्या पाण्याला तोंड द्यायला बांधलेल्या आहेत, तासातासाला आपटणाऱ्या लाटांना नव्हे. हिवाळी बदकांचे थवे तिच्या आवाजाने उठतात आणि हजारो मैलांवरून आलेल्या पाखराला विसाव्याच्या जागी पुन्हा उडायला लावणं हे क्रौर्य आहे. मारुती चितमपल्ली वन खात्याच्या नोकरीत नवेगावला राहिले, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या पक्षीवेड्या माणसाच्या सोबतीने त्यांनी हे पाणी पाहिलं, आणि मराठीत पक्ष्यांची एक अख्खी दुनिया आणली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. ज्या तलावाने मराठीला हे दिलं त्यावर साठच्या वेगाने पाणी कापत जाणारी बोट मला सहन होत नाही.

फायबरची साधी मोटरबोट वाईट नाही, पण तिच्यात माणसं खाली बसतात, पाहायला उठतात, आणि उठली की ती हलते. घरच्या सहलीत उठू नका म्हणून कोण ऐकतं?

पाँटूनमध्येही निवड आहेच. नळ्या ॲल्युमिनियमच्या असतात, जाड प्लास्टिकच्या असतात, फायबरच्या असतात, आणि लोखंडी पत्र्याच्या स्थानिक वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केलेल्याही असतात. लोखंडी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जड, आणि गंज आतून खातो तो दिसत नाही. ॲल्युमिनियम हलकं आणि टिकाऊ, पण जंगल बुडवून झालेल्या जलाशयात पाण्याखालच्या खुंटावर आपटलं की पोचा येतो, सांधा उसवतो. प्लास्टिकची नळी आपटून परत उसळते. उन्हाला टिकणारं प्लास्टिक आहे ना, एवढं पाहावं. माझ्या मते आपल्या तलावांना प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियम. नळी कशाचीही असो, ती आतून बंद कप्प्यांची हवी. एका कप्प्यात पाणी शिरलं तर बाकीचे तारून नेतात. एकसंध पोकळ नळी म्हणजे एकाच भोकात सगळा कारभार आटोपला.

तिसरी नळी घ्यावी का, हा विक्रेत्याचा आवडता विषय. मधली नळी भार पेलते हे खरं. पण ती मधोमध असल्यामुळे एका बाजूला कलण्याला तिचा अडसर थोडाच. तिचा खरा उपयोग मोठ्या इंजिनाला आणि मोठ्या वेगाला. आपल्याला वेग नको असेल तर तेच पैसे दोन नळ्यांमधलं अंतर वाढवण्यावर घालावेत. दुमजली पाँटूनचा तर विचारही नको. वरच्या मजल्यावर गेलेला प्रत्येक माणूस बोटीचा तोल वर नेतो. छत हवं, कारण इथलं ऊन मार्चपासून भाजतं. पण ते हलकं, घडी करता येणारं कापडी असावं. एप्रिल-मेच्या दुपारी ढग चढून वावटळ सुटते तेव्हा पक्कं छत म्हणजे शीडच.

इंजिन. पाण्याखालचं गवत पेट्रोल इंजिनाच्या पंख्याला गुंडाळलं जातं आणि बोट तलावाच्या मध्यात अडते. त्याहून वाईट म्हणजे पंखा मच्छीमारांची जाळी कापतो. एक जाळं विणायला, विकत घ्यायला काय लागतं हे ढिवराच्या घरात विचारावं. या तलावांचे मासेमारीचे ठेके बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. पर्यटनाची बोट आली म्हणून त्यांचं पाणी कमी होता कामा नये. लहान विजेची मोटर इथे सगळ्यात चांगली. दोन-अडीच किलोवॅटची मोटर आणि ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी धरली, तर पूर्ण ताकदीने साधारण दोन तास चालते, संथ चालीने बरीच जास्त. अर्ध्या तासाच्या फेऱ्यांना आणि दुपारच्या चार्जिंगला ते पुरतं. आवाज नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही, आणि चालक बोलतो ते सगळ्यांना ऐकू येतं. तो बोलायला हवाच. कोणतं पाखरू, कोणतं गवत, पाणी कुठे किती, हे सांगणारा माणूस ढिवरांमध्येच मिळेल. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर, पतीराम तुमसरे यांच्यासारख्यांनी तलावातल्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं जे काम उभं केलं त्याचा पायाच मुळी ढिवरांचं हे ज्ञान आहे. बोटीचा चालक बाहेरून आणून त्याला पोशाख चढवण्यापेक्षा ढिवराच्या पोराला मोटर चालवायला आणि बुडणाऱ्याला काढायला रीतसर शिकवावं. पाणी त्याला शिकवावं लागणार नाही.

बोट कशी राखली जाते हे पाहुण्यालाही काठावरून कळतं. सकाळी पहिल्या फेरीआधी, रिकामी असताना बोट पाहावी. दोन्ही नळ्यांवरची शेवाळाची रेघ पाण्यापासून सारख्या उंचीवर आहे का? एक बाजू दोन बोटं जरी खाली असेल, तर त्या नळीत पाणी शिरलं आहे, मग चालक काहीही सांगो. नळीवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहता आलं तर उत्तम. पोकळ कप्पा वाजतो, पाणी असलेला कप्पा बद्द बोलतो. कठड्याच्या बाहेर, पुढच्या टोकाला पाट उघडा असतो. बोट चालू असताना तिथे कोणालाही बसू देत असतील तर उतरावं. पुढे पडलेला माणूस थेट बोटीखाली आणि मागच्या पंख्याकडे जातो. सगळे पुढच्या अंगाला जमले की नळ्यांची तोंडं पाण्यात घुसतात आणि पाटावर पाणी चढतं, तोही प्रकार वेगात असताना वाईट.

जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नाही. बकलं लावलेलं हवं. साडीवर पदर आत घेऊन ते नीट बसतं, आज्यांना तेवढं समजावून सांगितलं की त्या नाही म्हणत नाहीत. मुलांच्या बाबतीत मात्र मोठ्यांचं जॅकेट घट्ट बांधून भागवू नये. मूल पाण्यात पडलं की मोठं जॅकेट वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली निसटतं. मुलाला जॅकेट घालून खांद्याच्या पट्ट्यांनी वर उचलून पाहावं. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते त्याचं नाही. लहानांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो असेल तरच घ्यावं. फेस दाबून पाहावा, दाबलेला परत उभा राहत नसेल तर ते नुसतं कापड.

कायदा आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने घेतली. मोटरवर चालणाऱ्या बोटीची तपासणी, नोंदणी आणि विमा आता टाळता येत नाही, आणि महाराष्ट्रात हे काम मेरीटाइम बोर्डाकडे आहे. बिनमोटरच्या नावांची नोंदही जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत अशा स्थानिक पातळीवर ठेवण्याची तरतूद त्यात आहे. पाहुण्याने तिकीट काढताना तपासणीचा कागद दाखवा म्हटलं तर त्यात उद्धटपणा काही नाही. मला वाटतं, पाचदहा कुटुंबांनी विचारायला सुरुवात केली की तो कागद काचेत लावून खिडकीशी टांगला जाईल.

बोट घ्यायला निघालेल्या संस्थेला माझं म्हणणं इतकंच. मोठी बोट नको, दोन डझनांची तर नकोच. चालकासकट दहा जणांची, सहा मीटरची, कप्पे असलेल्या दोन नळ्यांची, विजेच्या मोटरीची एक बोट घ्यावी. दहाचा आकडा कठड्यावर हातभर अक्षरांत रंगवावा आणि फाटक चालकाशिवाय दुसऱ्याच्या हाती द्यावं, म्हणजे गर्दी वाढली तरी मोजणारा माणूस वेगळा राहील. पावसाळ्यात आणि ढग चढलेल्या दुपारी फेरी बंद. उरलेले पैसे तरंगत्या धक्क्यावर घालावेत, आणि जागा आहेत त्याच्या दीडपट जॅकेटं घ्यावीत, लहान मुलांची मापं वेगळी. दुसरी बोट घ्यायची की नाही, ते मे महिन्यात पाणी उतरल्यावर ढिवरांना सोबत घेऊन तलावाचा तळ पायी फिरून, खुंट आणि खडक कुठे आहेत ते पाहून ठरवावं.